शिचिरिनवर चौघांचं जेवण, निखाऱ्याच्या कलानं

शिचिरिन म्हणजे जपानची शेगडी. दोन हातांत उचलता येईल एवढी, मातीची. खाली वाऱ्यासाठी छोटंसं सरकतं दार, आत भोकाभोकांची चकती, वर तारेची जाळी. सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे, तोक्योजवळच्या चिबाला आल्या तेव्हा त्यांना ती काय आहे हे सांगावंच लागलं नाही. खाली वाकून त्यांनी दार सरकवून पाहिलं आणि विचारलं, "अगं, राख इथूनच काढायची ना?" लहानपणी कोळशाच्या शेगडीवर पाणी तापवलेल्या माणसाला त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की इथे शेगडी जेवणाच्या मधोमध येऊन बसते आणि सगळे तिच्याभोवती.

ही शेगडी पहिल्यांदा आणणाऱ्यांची चूक बहुतेक एकच असते, आणि मीही ती केली. गॅसवर आपण पदार्थ पाहून आच कमीजास्त करतो. तीच सवय घेऊन शिचिरिनपुढे बसलं, की बाहेरून काळं आणि आतून कच्चं जेवण ताटात येतं. इथे आच पाहून पदार्थ निवडायचा असतो. कोळसा पेटतो, भरात येतो, हळूहळू उतरतो. जेवणाचा क्रम त्याच्यामागून चालवायचा. हे एकदा हातात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

आधी जागा, मग बाकीचं

शिचिरिन घरात पेटवायची नाही. खिडकी उघडी ठेवली की चालतं, असं मी कुणालाही सांगणार नाही. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात लालबुंद, धूर न करणारा निखाराही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ ही त्याची सुरुवात, आणि पुष्कळदा ते लक्षात येईतो माणसाला उठून बाहेर जायचं बळ राहिलेलं नसतं. तंबू, गॅरेज, गाडीची मागची बाजू, सगळं यातच आलं. पावसाची सर आली म्हणून पेटती शेगडी आत उचलून आणायची नाही. याकिनिकूच्या, म्हणजे टेबलावरच मांस भाजून खायच्या, जपानी हॉटेलांत टेबलावर निखारे असतात हे खरं, पण तिथे हवा ओढून घेणारी यंत्रणा असते. ती आपल्या स्वयंपाकघरात नाही.

बाल्कनीचंही तसंच. भाड्याच्या इमारतींत बाल्कनीत विस्तव पेटवायला बहुधा बंदी असते, आणि त्यामागे कारण आहे: आग लागली तर शेजारच्या बाल्कनीतली पातळ भिंत फोडून सुटायची ती वाट असते. ज्यांना अंगण नाही त्यांनी बार्बेक्यूची परवानगी असलेलं उद्यान शोधावं. तोक्योत निशी-कासाईच्या बाजूला आपली पुष्कळ मराठी घरं आहेत. त्यांना कासाई रिन्काई उद्यान जवळ पडतं आणि तिथे बार्बेक्यूसाठी वेगळी जागा आहे. आधी जागा राखून ठेवावी, आणि शेगडी गवतावर थेट न ठेवता पायांच्या स्टँडवर किंवा विटांवर ठेवावी.

आमच्या घरामागे चार पावलांचं अंगण आहे. तिथे सुद्धा मी आधी शेजारच्या दोरीकडे बघते. जपानमध्ये कपडे उन्हात वाळत घालतात, आणि माशाचा धूर वाळत्या चादरीला लागला तर शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत, पण मनात ठेवतात. कपडे आत गेल्यावर, संध्याकाळी, दोन शब्द सांगून मग पेटवायची.

पाण्याची बादली आणि जाड हातमोजे हाताशी असल्याशिवाय काडी ओढू नये. मुलांना शेगडीपासून हातभर लांब बसवावं, आणि वाढणारं माणूस एकच असावं.

शेगडी आणि कोळसा

चांगली शिचिरिन केइसोदो नावाच्या मातीची असते. डायटम या अतिसूक्ष्म शैवालांचे सांगाडे पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून ही माती झाली. तिच्यात बारीक पोकळ्या इतक्या असतात की ती हलकी राहते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून मूठभर निखाऱ्यात एवढी धग मिळते. इशिकावा प्रांतातल्या नोतो द्वीपकल्पाच्या टोकाला सुझू गाव आहे. तिथे भुयारातून या मातीचे ठोकळे कापून काढतात, छिन्नीनं कोरून शेगडी घडवतात आणि मग भट्टीत भाजतात. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात सुझूचं फार मोठं नुकसान झालं आणि शेगड्यांच्या भट्ट्याही त्यातून सुटल्या नाहीत. कोरीव शिचिरिन घ्यायची ऐपत असेल तर तिथलीच घ्या, असं मी मनापासून सांगेन. ती नसेल तर माती मळून साच्यात केलेली स्वस्त शिचिरिनही घरच्या जेवणाला पुरते. आयची प्रांताच्या मिकावा भागातल्या काळ्या शिचिरिनही नावाजलेल्या आहेत. पहिल्या वेळी नव्या शेगडीत थोडेच निखारे घालून ती मंद आचेवर तापू द्यावी, म्हणजे मातीतली ओल हळूहळू निघते.

या मातीवर पाणी ओतायचं नाही. मी पहिल्याच दिवशी घाईनं विस्तव विझवायला तांब्याभर पाणी ओतलं. शेगडीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, आणि वाफेबरोबर राख अंगावर आली ती वेगळीच. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "तापल्या मातीवर पाणी घालतात का गं?" एवढंच म्हणाल्या.

कोळशात बिन्चोतानचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. किशू म्हणजे आजच्या वाकायामा भागातला हा कोळसा. गेन्रोकू काळात, म्हणजे १६८८ ते १७०४ च्या सुमारास, तानाबेचा व्यापारी बित्चूया चोझाएमोन तो विकायचा आणि त्याच्या नावावरून हे नाव पडलं, असं सांगतात. उबामे-गाशी या ओकच्या जातीचं लाकूड भट्टीत भाजतात, शेवटी हवा आत सोडून ताप १००० अंशांवर नेतात, लाल निखारे बाहेर ओढून ओलसर राखमातीखाली गाडतात. एकावर एक आपटले तर धातूसारखी किणकिण येते. तासन्‌तास एकसारखा जळतो. पण नवख्यानं त्यापासून सुरुवात करू नये. तो पेटायला हट्टी असतो, आणि घाईनं तापवला तर तडतडून उडतो. मुलं जवळ असताना ते परवडत नाही.

सुरुवातीला नारा किंवा कुनुगी या ओकच्या लाकडाचा साधा काळा कोळसा घ्या. इवाते प्रांताचा चांगला असतो. लवकर पेटतो, धूर कमी. त्याच्या जोडीला ओगातान, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, मधे पोकळ कांड्या. त्या सावकाश आणि बराच वेळ जळतात. मी दोन्ही निम्मेनिम्मे घालते. बार्बेक्यूसाठी मोठ्या खोक्यात येणारा अगदी स्वस्त कोळसा मात्र टाळावा. तो धूर करतो, भसकन जळतो आणि ऐन माशाच्या वेळी मान टाकतो.

पेटवणं

चौघांच्या जेवणाला साधारण अर्धा किलो कोळसा आत आणि मूठभर बाजूला, एवढा पुरतो. जेवायच्या पाऊण तास आधी सुरुवात करा.

तळाच्या चकतीवर आग धरणाऱ्या वड्यांपैकी एक-दोन ठेवा. त्यावर काळ्या कोळशाचे लहान तुकडे, मधे वारा खेळेल असे उभेआडवे रचा. मोठे तुकडे आणि ओगातान वर. खालचं दार पूर्ण उघडं ठेवा. वडी पेटवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. नवं माणूस इथेच लगेच वारा घालायला बसतं आणि जेमतेम धरलेली ज्योत विझवतं. खालचे कोळसे कडेनं लाल दिसू लागले की मग खालच्या दारातून पंख्यानं वारा घाला, हलका आणि एका लयीत. घरात गॅस असेल तर हिओकोशी नावाची जाळीच्या तळाची छोटी कढई मिळते; तिच्यात कोळसे घालून गॅसवर पेटवायचे आणि चिमट्यानं शेगडीत मांडायचे. पेटवायचं जेल वापरलं तर एकदाच, सुरुवातीला. पेटत्या कोळशावर ते पुन्हा ओतल्यानं माणसं भाजली आहेत.

कोळसा तयार झाल्याची खूण म्हणजे ज्वाळा खाली बसतात, काळा भाग दिसेनासा होतो आणि निखाऱ्यावर राखेची पातळ पांढरी साय धरते. तळहात जाळीच्या वर वीतभर धरून बघा. तीन आकडे मोजेपर्यंत हात काढावासा वाटला तर आच प्रखर, पाच-सहा मोजता आले तर मध्यम. सुरुवातीला मी दर पदार्थाआधी हे करायचे. आता चेहऱ्याला लागणाऱ्या धगेवरून कळतं.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. दोन भाग एका बाजूला, उरलेली बाजू जवळजवळ रिकामी. चरबी ठिबकून ज्वाळा उठली की त्या रिकाम्या बाजूला पदार्थ सरकवायला जागा लागते. खालचं दार हा तुमचा गॅसचा खटका: उघडलं की आच चढते, निम्मं सरकवलं की उतरते, पण फळ दिसायला दोन-तीन मिनिटं जातात.

क्रम

सासूबाई मासे-मटण खात नाहीत, म्हणून आमच्याकडे भाज्या आधी. तो क्रम निखाऱ्यालाही सोयीचा पडतो, आणि जाळीला माशाचा वास लागायच्या आत शाकाहारी जेवण होतं. जाळ्या दोन ठेवाव्यात. त्या स्वस्त मिळतात.

निखारे भरात येत असताना, अजून एखादी ज्योत उठत असते, तेव्हा वांगी. लांबट जपानी वांगी देठासकट ठेवून साल पूर्ण काळी होईपर्यंत फिरवत राहा. भरताचं वांगं भाजता आलं की हे येतंच. फरक पुढे आहे: ते कुस्करत नाहीत. साल सोलून, लांब चिरून, वर किसलेलं आलं आणि सोया सॉसचे चार थेंब. जपानी लोक वर कात्सुओबुशी, म्हणजे सुक्या बोनितो माशाचा कीस घालतात. शाकाहारी माणूस पंगतीत असेल तर तो वेगळा ठेवा. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सुपातही बहुधा माशाचाच अर्क असतो, त्यामुळे बरोबर सूप करणार असाल तर कोंबू या समुद्री पाल्याचा आणि सुक्या शिताके आळंब्यांचा अर्क काढा.

वांगी सोलून होईपर्यंत राखेची साय धरते. आता शिताके. देठ काढून टोपी खाली, पोट वर, आणि उलटायचे नाहीत. पोटातल्या पापुद्र्यांवर पाण्याचे मोतीएवढे थेंब जमले की त्यात मीठ किंवा सोया टाकून, न सांडता उचला. तो रस म्हणजेच शिताके. शेजारी शिशितो मिरच्या. टोचून ठेवाव्या नाहीतर फुटतात. त्या गोडसर असतात, पण मधूनच एखादी तिखट निघते, आणि आमच्याकडे तिची वाट बघितली जाते. अत्सुआगे, म्हणजे तळलेल्या टोफूचा जाड ठोकळा, दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करून आलं-सोयाबरोबर.

मग कोंबडी. मांडीचं मांस दोन बोटं रुंदीचे तुकडे करून, मधे नेगी म्हणजे जाड पातीचा कांदा घालून सळयांवर ओवायचं. बांबूच्या सळया अर्धा तास भिजवून घ्या. रस आदल्या दिवशीच करून ठेवते: अर्धी वाटी सोया, अर्धी वाटी मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), पाव वाटी साके (साधी तांदळाची दारू), चमचाभर साखर, उकळून दोन तृतीयांश होईपर्यंत. तो सुरुवातीला लावायचा नाही. साखर करपते आणि कोंबडी कच्चीच राहते. आधी नुसती भाजा, जवळजवळ शिजली की रस लावून अर्धं मिनिट निखाऱ्यावर, परत रस, परत जाळीवर. तीनदा. कोंबडीच्या बाबतीत अंदाजावर जाऊ नका: आतला ताप ७५ अंशांवर मिनिटभर राहायला हवा. मांसाचा थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून बघा. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, ताटात वाढायचा वेगळा. रसात बुडवलेला ब्रश कच्च्या कोंबडीला लागला असेल तर तो रस पुन्हा उकळल्याशिवाय खाऊ नये.

मासा

इथे दोन-तीन नवे कोळसे कडेनं सरकवा, खालचं दार पूर्ण उघडा, आणि सगळं पुन्हा पांढरं होईपर्यंत गप्पा मारा. हा थांबा जेवणात ठेवलेलाच बरा. आमच्याकडे तेव्हा एदामामे, म्हणजे शेंगेसकट उकडलेले कोवळे सोयाबीन, फिरतात.

शरदातला मासा म्हणजे सान्मा: लांब, चंदेरी, तेलकट. मधली काही वर्षं तो कमी मिळाला आणि महाग झाला, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा तरी आणावाच. छोट्या शेगडीवर अख्खा मावत नाही, म्हणून मधून दोन तुकडे. बाकी वर्षभर साबा. साबा आपल्या बांगड्याच्या नात्यातला. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला ओळख पटते.

भाजायच्या वीस मिनिटं आधी मीठ लावून ठेवा. सुटलेलं पाणी कागदानं पूर्ण टिपून काढा. वास त्याच पाण्यात असतो. जाळी आधी चांगली तापू द्या आणि तिला व्हिनेगर किंवा तेलाचं बोट फिरवा. थंड जाळीवर ठेवलेला मासा चिकटणारच.

जपानी स्वयंपाकात माशासाठी एक सूत्र आहे: आच प्रखर, पण लांबून. जाळीखाली दोन विटांचे तुकडे सरकवून ती चार बोटं उंच करा आणि आच कमी करू नका. ताटात जी बाजू वर यायची ती आधी खाली. मग हात मांडीवर. तिथे म्हणच आहे, की मासा भाजायला सरदाराला बसवावं आणि मोची भाजायला भिकाऱ्याला. सरदाराला काम करायची सवय नाही, म्हणून तो माशाला उगाच हात लावत नाही. भुकेला माणूस मोची सारखी उलटत राहतो, आणि भाताची ती चिकट वडी तशीच नीट फुलते. मासा एकदाच उलटायचा. कडा पांढऱ्या झाल्या, कातडी खरपूस होऊन जाळीवरून आपोआप सुटली की. सुटत नसेल तर तो अजून तयार नाही; ओढलात तर कातडी जाळीला राहील. तेल ठिबकून ज्वाळा उठली तर मासा रिकाम्या बाजूला सरकवा, पाणी शिंपडू नका. बरोबर किसलेला पांढरा मुळा हवाच, त्यावर लिंबू.

उतरती आच

आता हात पाच-सहा आकडे धरवतो. जाळी बदला. ही वेळ भाताची.

याकी-ओनिगिरीसाठी जपानी भात गरम असतानाच, ओल्या हातानं, घट्ट दाबून त्रिकोणी गोळे करून ठेवलेले असावेत. सैल गोळा जाळीवर फुटतो. महाराष्ट्रात करून पाहायचं असेल तर इंद्रायणी किंचित मऊ शिजवून घ्या; बासमतीचा गोळा धरणार नाही. जाळीला तेल लावून गोळे ठेवा आणि एका बाजूला चार-पाच मिनिटं हलवू नका. दोन्ही बाजूंना कोरडी पापडी धरली, की मगच सोया लावायचा, पातळ, आणि परत जाळीवर. आधी लावला तर भात ओला होऊन चिकटतो. सोया निखाऱ्याला लागून जो वास सुटतो, तो आला की आमची मुलं कितीही खेळात असली तरी धावत येतात. काहींना सोयाऐवजी मिसो आवडतो. तो फार लवकर करपतो, नजर ठेवा. सासूबाई वर साजूक तुपाचा थेंब सोडतात आणि मला ते बरोबर वाटतं.

शेवटी बारीक रताळी. सात्सुमाइमो कच्ची घातली तर तासभर जाईल, म्हणून आधी निम्मी उकडून, ओल्या कागदात आणि वरून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, ओनिगिरी जाळीवर असतानाच निखाऱ्यांच्या कडेला सारायची. ताटं धुऊन होईपर्यंत ती होतात.

विझवणं

खालचं दार बंद केल्यानं निखारा झोपतो, विझत नाही. जाड झाकणाचं मातीचं किंवा धातूचं भांडं मिळतं, हिकेशी-त्सुबो. निखारे चिमट्यानं एकेक त्यात टाकून झाकण घट्ट लावायचं. हवा तुटली की ते आपोआप शांत होतात. भांड्याचा पत्राही तापतो, म्हणून ते लाकडी फळीवर ठेवू नका. राख वरून गार दिसली तरी आत विस्तव असतो. मी ती रात्रभर अंगणातच राहू देते, दुसऱ्या दिवशी हातानं चाचपून, पाणी शिंपडून, मग आमच्या पालिकेच्या नियमाप्रमाणे कचऱ्यात. कोळसा मातीत पुरू नये; तो कुजत नाही.

शेगडी ओल्या फडक्यानं पुसायची नाही. गार झाल्यावर कोरड्या ब्रशनं झाडून सावलीत, कोरड्या जागी. हिकेशी-त्सुबोत उरलेले अर्धे जळके कोळसे टाकू नका. एकदा जळून विझलेला कोळसा नव्यापेक्षा कितीतरी लवकर पेट घेतो. पुढच्या वेळी रचताना तोच सगळ्यात खाली, वडीच्या लगेच वर ठेवायचा.